पिंक फ्लॉइडमधून एक माणूस वजा करायचा झाला तर?

जुनीकॅसेट
परवा पोळ्या लाटत होतो (हो, मीच लाटतो, गोल होतात, विषय तो नाही) आणि शेजारी चिरंजीव फोनवर काहीतरी ऐकत उभे. वय १९. अचानक विचारतो, बाबा, तुम्ही वॉटर्सवाले का गिल्मरवाले? मी म्हटलं राइटवाला. तर म्हणतो, "कोण?"

पोळी करपली.

पस्तीसेक वर्षं झाली मी फ्लॉइड ऐकतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, इंग्लंडमधला रॉक बँड. रॉजर वॉटर्स बास वाजवायचा आणि शब्द लिहायचा, डेव्हिड गिल्मर गिटार आणि आवाज, निक मेसन ड्रम्स, आणि रिक राइट कीबोर्ड, ऑर्गन, पियानो. त्याआधी सिड बॅरेट, ज्याने हे सगळं उभं केलं आणि १९६८ मध्ये बाहेर पडला. १९८५ला वॉटर्सने बँड सोडला, मग नावावरून कोर्टबाजी, आणि तेव्हापासून आजपर्यंत फ्लॉइड म्हटलं की लोकांना आधी भांडणच आठवतं. वॉटर्स आणि गिल्मर ऐंशीच्या घरात गेले तरी चालूच. आणि या भांडणात राइट कुठेच नाही, कारण तो भांडलाच नाही. १५ सप्टेंबर २००८ला गेला, पासष्ट वर्षांचा होता.

माझं म्हणणं एवढंच की फ्लॉइडचा जो "आवाज" आहे ना, म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधीच खोलीतली हवा बदलते ती, ती राइटची आहे. बाकीचे त्या हवेत वावरतात. तर प्रश्न असा, कुठला एक माणूस काढला की फ्लॉइड उरत नाही? मेसनचं नाव घेणाऱ्याला माझ्याकडून चहा.

टण्या
रुमाल टाकून ठेवतो. ऑफिसातून आल्यावर भांडतो.

भिंत
आयडी बघूनच कळलं असेल मी कुणाच्या बाजूचा. शब्दांशिवाय फ्लॉइड म्हणजे लिफ्टमधलं संगीत. १९७३ ते १९७९ या सहा वर्षांत चार अल्बम आले, डार्क साइड ऑफ द मून, विश यू वर हिअर, अॅनिमल्स, द वॉल. चारहीमागची कल्पना वॉटर्सची. डार्क साइडपासून पुढे तर सगळे शब्द त्याचेच. वडील दुसऱ्या महायुद्धात आंझिओला मारले गेले तेव्हा हा पाच महिन्यांचा होता, ती जखम तो आयुष्यभर लिहीत बसला. कीबोर्ड कुणीही वाजवला असता हो.

मारवा
"कीबोर्ड कुणीही वाजवला असता" हे वाक्य जपून ठेवते. आमच्याकडे पेटीवाल्याबद्दल लोक असंच बोलतात, जोपर्यंत पेटीवाला येत नाही तोपर्यंत.

अर्धाचहा
मेसन.

चहा पाठवा.

गोदाकाठ
@भिंत, लिफ्टमधलं संगीत म्हणालात म्हणून लिहितो. अस अँड देम घ्या. ती चाल राइटने आधी एका सिनेमासाठी केली होती, नुसता पियानो, दिग्दर्शक होते अंतोनिओनी. त्यांनी नाकारली. दोनतीन वर्षं तशीच पडून होती, मग डार्क साइडच्या वेळी बाहेर काढली आणि त्यावर तुमच्या वॉटर्सने शब्द बसवले. म्हणजे आधी हवा, मग शब्द. आणि ब्रीद या गाण्यातली ती एक कॉर्ड, जिथे सगळं अलगद खाली उतरतं, ती माइल्स डेव्हिस ऐकून सुचली असं तो स्वतःच सांगायचा. रॉकवाल्या पोरांमध्ये जॅझ ऐकणारा हा होता, म्हणून ते रॉकसारखं लागत नाही.

मी नाशिकला असताना आमच्या ग्रुपमध्ये एकाकडेच डार्क साइड होती, टी-सीरिजच्या कोऱ्या कॅसेटवर भरलेली, बी साइडला त्याच्या बहिणीची अभंगांची प्रॅक्टिस. 'मनी' हे गाणं संपलं की थोडी खरखर आणि मग "सुंदर ते ध्यान". आजही मला ते गाणं संपलं की पुढे विठ्ठल येतो.

टण्या
=)) =)) गोदाकाठ, दंडवत घ्या

फिजिक्सवाली_बाई
मला गाण्यातलं फार कळत नाही, पण माझ्या वर्गात दरवर्षी एक तरी पोरगं डार्क साइडच्या कव्हरवरच्या त्या प्रिझमचा टीशर्ट घालून येतं. मी विचारते कुठल्या बँडचा, तर "मॅम, डिझाइन आवडलं". मग मी त्याला फळ्याजवळ उभं करते आणि छातीवरचे रंग मोजायला लावते. सहाच आहेत. पारवा नाहीच. पन्नास वर्षं झाली, जगभर कोट्यवधी लोकांनी चुकीचा वर्णपट अंगावर घातलाय.

अर्धाचहा
पारवा रंग म्हणजेच रिक राइट. आहे पण कुणी मोजत नाही. (चहाचं काय झालं?)

जुनीकॅसेट
@अर्धाचहा हे मी लिहायला हवं होतं. चहा मंजूर, पण मेसनसाठी नाही.

सीए_साहेब
भावनिक चर्चा चालू आहे त्यात जरा हिशोबाचं बोलतो, सवय आहे.

द वॉल का झाला? लोक म्हणतात वॉटर्सची वेदना. असेलही. पण १९७८ मध्ये यांच्या लक्षात आलं की ज्या सल्लागारांकडे पैसे ठेवले होते त्यांनी ते भलत्या धंद्यांमध्ये घालवले. त्यात इंग्लंडमध्ये तेव्हा वरच्या उत्पन्नावर ८३ टक्के आयकर. मग वर्षभर देशाबाहेर राहायचं ठरलं, फ्रान्समध्ये रेकॉर्डिंग, आणि काहीही करून अल्बम पूर्ण करायचाच. अशा टेन्शनमध्ये राइटला सुट्टी अर्धवट सोडून ये म्हणाले, त्याने नाही म्हटलं, वॉटर्सने त्याला काढून टाकलं. तेव्हा बाहेर कुणाला कळूही दिलं नाही.

आता गंमत. द वॉलच्या स्टेज शोसाठी राइटला पगारावर ठेवलं. शोमध्ये प्रेक्षकांसमोर पुठ्ठ्याच्या विटांची अख्खी भिंत बांधायची आणि शेवटी पाडायची, खर्च इतका की दौरा तोट्यात. मालक तिघं, तोटा तिघांचा. पगारदार एक, त्याला पगार मिळाला. अख्ख्या दौऱ्यात पैसे कमावलेला एकमेव माणूस म्हणजे हाकलून दिलेला कीबोर्डवाला. मी आर्टिकलशिपच्या पोरांना भागीदार आणि नोकर यातला फरक सांगताना हेच उदाहरण देतो.

भिंत
पण मग हेही लिहा ना साहेब की त्या अल्बमला राइटने जवळजवळ काहीच दिलं नाही. वॉटर्सच नाही, गिल्मरनेही तेव्हा अडवलं नाही त्याला काढताना. माणूस मनाने निघून गेला होता. आपण मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं म्हणून त्याचा संत करतोय का? एखादा साथीदार वेळेवर येत नसेल, तालमीला काही आणत नसेल तर नाटकवाले पण बदलतातच.

जुनीकॅसेट
हा मुद्दा मान्य. १९७९चा राइट थकलेला होता, घरचं मोडत आलं होतं. तो संत नव्हता. पण द वॉल ऐकताना मला नेहमी दम लागल्यासारखं होतं, सगळं ओरडतंय, भांडतंय, ग्रेट आहे पण श्वास घ्यायला जागा नाही. ती जागा त्याची होती. आणि पुढचा, १९८३चा फायनल कट तर त्याच्याशिवायच झाला. मी वर्षातून एकदा ऐकतो, श्राद्धासारखा.

मारवा
आता सविस्तर लिहिते. मी शास्त्रीय गाणं शिकते-शिकवते, रॉकमधलं मला फ्लॉइडचं एकच गाणं खरं म्हणजे आवडलं आणि ते म्हणजे ज्यात शब्दच नाहीत, द ग्रेट गिग इन द स्काय. चाल राइटची. जानेवारी १९७३ मध्ये क्लेअर टॉरी नावाच्या गायिकेला रविवारी स्टुडिओत बोलावलं आणि सांगितलं शब्द नकोत, मृत्यूबद्दल आहे, तुला वाटेल ते गा. ती बिचारी आधी "बेबी बेबी" करायला लागली, नको म्हणाले. मग तिने ठरवलं आपण वाद्य आहोत असं समजून गायचं. दोन-अडीच टेकमध्ये झालं. बाहेर येऊन तिने माफी मागितली की जरा जास्तच झालं. मानधन ३० पाउंड. रविवार म्हणून दुप्पट, नाहीतर १५.

मला हे ऐकलं की आमचे गुरुजी आठवतात, आलाप म्हणजे शब्द संपल्यावर जे उरतं ते, असं काही ते म्हणायचे नाहीत, ते फक्त म्हणायचे "शब्द सोड". तेच आहे ते. आणि तिच्या खाली राइटचा पियानो ऐका, कुठेही तिच्या पुढे जात नाही, कुठेही मागे राहत नाही. आप्पा जळगावकर भीमसेनजींच्या मागे पेटीला बसायचे, ज्यांनी ऐकलंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. गाणारा सम घेऊन थांबला की मधल्या जागेत दोनच सूर, आणि गाणाऱ्याचं तोंड वळतं, अरे वा.

म्हणून तुमच्या वजाबाकीत मी क्लेअर टॉरी काढून बघेन. बँडची नाही, नाव कव्हरवर फक्त गायिका म्हणून. २००४ला ती कोर्टात गेली, २००५मध्ये तडजोड झाली आणि आता त्या गाण्यावर संगीतकार म्हणून राइट आणि टॉरी दोघांची नावं असतात. तुम्ही लोक वॉटर्स का गिल्मर करत बसला आहात, बत्तीस वर्षं एका बाईचं नाव त्यावर संगीतकार म्हणून नव्हतं.

टण्या
धागा इथेच जिंकला गेलेला आहे, बाकीच्यांनी घरी जावे.

गोदाकाठ
मारवाताई, +१००. फक्त एक, पेटीवाल्याची उपमा अर्धीच लागू होते. आप्पा नसते तर भीमसेनजी थांबले नसते, दुसऱ्या कुणाला घेऊन तोडीच गायले असते. फ्लॉइडमध्ये तसं नाही, तिथे गाणंच पेटीवर सुचलंय. राइट साथीदार नव्हता, अर्ध्या वेळा तो बंदिश बांधणारा होता आणि तरी साथीला बसल्यासारखा बसायचा.

मारवा
@गोदाकाठ हे बरोबर आहे. मागे घेते अर्धी उपमा. उरलेली अर्धी राहू द्या, आवडलीय मला.

खवट_आजोबा
आमच्या वेळी बीटल्स ऐकत. हे झोप येण्याचं संगीत नंतर आलं.

अर्धाचहा
आजोबा, इनो घ्या.

न्यूजर्सीकर
१५ सप्टेंबर २००८ वाचलं आणि थांबलो. मी तेव्हा मॅनहॅटनमध्ये एका बँकेच्या आयटीत काँट्रॅक्टवर होतो. तोच दिवस, लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली. सोमवार होता. फ्लोअरवर कुणी काम करत नव्हतं, सगळे टीव्हीखाली उभे, माझा मॅनेजर कुणाशीच न बोलता ड्रॉवर आवरत होता. दुपारी डब्यातला गार पोहा खात असताना बातम्यांच्या पानावर खाली कुठेतरी एक ओळ दिसली, पिंक फ्लॉइडचा रिक राइट गेला. कुणाला सांगणार? शेजारचा माणूस बायकोला फोनवर घराच्या हप्त्याचं बोलत होता. संध्याकाळी ट्रेनमध्ये एकोज लावलं, तेवीस मिनिटांचं, सुरुवातीला पियानोची ती एकच पट्टी, टिंग, पाण्याचा थेंब पडावा तशी. ती पण राइटचीच. पहिली टिंग वाजली आणि मी खिडकीकडे तोंड केलं. माझी नोकरी पुढच्या महिन्यात गेली, पण तो दिवस मला नोकरीमुळे आठवत नाही.

गिल्मरने नंतर सांगितलं की रिकशिवाय एकोज परत वाजवणार नाही. २०१६ला तो पॉम्पेईला त्याच रोमन रंगमंचावर गेला जिथे १९७१ मध्ये यांनी प्रेक्षकांविना ते वाजवून चित्रित केलं होतं. तिथेही नाही वाजवलं. जुनीकॅसेट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं गिल्मरनेच देऊन टाकलंय.

जुनीकॅसेट
_/\_

नवखा२१
मी चिरंजीवांच्या वयाचा आहे, मला सांगा एवढं सगळं असताना त्याचं नाव कुणाला का माहीत नाही? मी रीलवरून फ्लॉइडकडे आलो, ती लहान मुलांचं कोरस असलेली, 'अनदर ब्रिक इन द वॉल'ची क्लिप. तिथे सगळे वॉटर्स विरुद्ध गिल्मर मीम्स. राइटवर एक मीम नाही.

भिंत
@नवखा२१, तो कोरस लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतल्या मुलांचा आहे, स्टुडिओच्या जवळची शाळा होती. आणि १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी शिक्षणाविरुद्ध काळ्या मुलांनी संप केला तेव्हा तेच गाणं म्हटलं, सरकारने बंदी घातली. हा असतो वारसा. पियानोच्या टिंगवर कुठलं सरकार बंदी घालतं? शब्दांवर घालतं.

नवखा२१
ओह, हे माहीत नव्हतं. हा पॉइंट स्ट्राँग आहे.

टण्या
मी २००७च्या फेब्रुवारीत बीकेसीला एमएमआरडीए मैदानात वॉटर्सला ऐकलंय. दुसऱ्या भागात अख्खी डार्क साइड. आवाज चारही बाजूंनी, घड्याळं वाजायला लागली तेव्हा माझ्या पुढचा माणूस मागे वळून बघायला लागला. परत जाताना रिक्षा मिळेना, कुर्ला स्टेशनपर्यंत चालत गेलो, शंभर-दोनशे अनोळखी लोक एकाच सुरात भसाड्या आवाजात गात. त्या रात्री मी शंभर टक्के वॉटर्सवाला होतो. पण खरं सांगू का, वर्षभराने त्याच टूरचं रेकॉर्डिंग घरी हेडफोनवर ऐकलं, सगळे सूर बरोबर, वाजवणारे एकसे एक, आणि काहीतरी नव्हतं. तेव्हा कळलं नाही काय. आज या धाग्यावर कळतंय बहुतेक.

सच्चा_देशप्रेमी
वॉटर्सच्या राजकारणाबद्दल कुणीच का बोलत नाही? तो इस्रायलबद्दल, युक्रेनबद्दल जे

प्रशासक
वरील प्रतिसादाचा पुढचा भाग संपादित केला आहे. राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. इथे संगीतावर बोलावे.

खवट_आजोबा
चला, काश्मीर होता होता वाचला.

नाव_नाही_सुचलं
सगळे कुणाला वजा करायचं बोलताय, पण एकाला आधीच वजा केलेलं आहे ना? सिड. तो गेल्यावरच हा बँड तुम्हाला माहीत असलेला बँड झाला. ५ जून १९७५ला ते त्याच्यावरच लिहिलेल्या गाण्याचं, 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'चं काम करत होते, ॲबी रोड स्टुडिओत, आणि एक जाडा माणूस आत आला, डोकं आणि भुवयासुद्धा भादरलेल्या. बराच वेळ कुणी ओळखलंच नाही. तो सिड होता. त्याच्यावरचं गाणं चालू आणि तो समोर आणि ओळख नाही. माझ्या मोठ्या भावाच्या आजारपणात मी तो प्रसंग पहिल्यांदा वाचला, जास्त लिहीत नाही. माझ्यापुरतं फ्लॉइड म्हणजे ते एक रिकामं स्टूल आणि भोवती चार जण.

गोदाकाठ
@नाव_नाही_सुचलं, यावर काय लिहू कळत नाही. फक्त एक गोष्ट सांगतो, ऐकून बघा. त्याच गाण्याचा शेवटचा, नववा भाग एकट्या राइटचा आहे. अगदी शेवटी, आवाज विरत जाताना सिंथेसायझरवर दोन क्षण सिडच्या जुन्या गाण्याची, सी एमिली प्लेची ओळ येते. शब्द नाहीत, कुठे लिहिलेलं नाही, आवाज वाढवल्याशिवाय कळतही नाही. वॉटर्सने मित्राबद्दल एवढं लिहिलं, आणि हा शेवटी हळूच त्याचीच चाल वाजवून गेला.

नाव_नाही_सुचलं
आत्ता ऐकलं. तीनदा.

भिंत
बरं. मी वॉटर्सवालाच राहणार, पण हे मला ठाऊक नव्हतं. वीस वर्षं ऐकतोय, शेवट फेड होतो तिथे मी नेहमी पुढचं लावायचो.

सीए_साहेब
२०२४मध्ये सोनीने यांची रेकॉर्डिंग्ज, नाव, चित्रं वगैरे घेतली, बातम्यांमध्ये आकडा सुमारे ४० कोटी डॉलर. मूल्यांकन करणाऱ्याने त्या दोन क्षणांचे किती लावले असतील याचा विचार करतोय.

नवखा२१
जुनीकॅसेट काका, तुम्हाला राइट कसा सापडला पण? तुमच्या वेळी तर इंटरनेट पण नव्हतं.

जुनीकॅसेट
आता सांगतोच. १९८८, पुण्यातलं इंजिनिअरिंगचं हॉस्टेल. रूममेटचा टू-इन-वन, आणि त्याला जोडलेले दोन स्पीकर, त्यातला डावा बंद. म्हणजे आम्ही वर्षभर फ्लॉइड अर्धंच ऐकलं. अर्धं आहे हेच माहीत नव्हतं. परीक्षेच्या आदल्या रात्री मी खाटेखाली चप्पल शोधत होतो, तर स्पीकरची वायर तुटलेली दिसली. दाताने सोलली, पिळली, लावली. विश यू वर हिअर चालू होती. आणि डाव्या बाजूने कोणीतरी खोलीत आलं. शप्पथ. मी दाराकडे बघितलं. लांबलचक सूर, कुणीतरी मागे उभं राहून श्वास घेतंय असं. कॅसेटच्या कव्हरवर बारीक अक्षरात नाव शोधलं, रिचर्ड राइट. दुसऱ्या दिवशीचा पेपर एम थ्री, म्हणजे गणित. राहिला. त्याचं श्रेय पण राइटलाच.

रूममेट इथे वाचनमात्र असतो असा मला दाट संशय आहे. लिहीत नाही, नुसता वाचतो. वायर कुणी तोडली हे त्याने आजवर कबूल केलेलं नाही.

फिजिक्सवाली_बाई
डावा स्पीकर बंद म्हणजे सगळाच कीबोर्ड गेला असं होत नाही, थोडा उजव्यातूनही येत असणार. पण चालू द्या, गोष्ट चांगली आहे.

जुनीकॅसेट
बाई, पोराच्या आणि तुमच्या दोघांच्या हातून आज माझं काही खरं नाही.

टण्या
रूममेट हाजीर हो!!

अर्धाचहा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आद्य_उंदीर
सात वर्षं वाचनमात्र होतो, आज पासवर्ड शोधावा लागला. वायर मी तोडली. इस्त्रीची वायर जळली होती, तुकडा हवा होता, तुझ्याच शर्टला इस्त्री करायला, त्या मुलीबरोबर तू लक्ष्मी रोडला जाणार होतास म्हणून. आणि एम थ्री तुझा राइटमुळे राहिला नाही, त्या मुलीमुळे राहिला, हे वहिनी वाचत असतील तर पुढचं लिहीत नाही.

विश यू वर हिअरची कॅसेट माझी होती. १९९० पासून तुझ्याकडे आहे. कव्हरसकट परत पाहिजे.

जुनीकॅसेट
वहिनी वाचतायत. ती मुलगी म्हणजे वहिनीच आहे गाढवा.

कॅसेट देणार नाही.